गुऱ्हाळाचा स्टोरीबोर्ड आणि तीन तासांनी मिळणारा रिटेक

"डॉक्युमेंटरीला कशाला पाहिजे स्टोरीबोर्ड, जे घडतंय ते शूट करायचं आणि मग एडिटवर बघायचं" हे वाक्य मी कितीदा ऐकलंय याचा हिशेबच नाही, आणि गंमत म्हणजे ते "एडिटवर बघू"मधलं एडिट करायला बसणारी बाई मीच असते. पुण्यात जाहिराती आणि कंपन्यांचे व्हिडिओ कापणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे चार-पाच तासांचं फुटेज येतं, त्यात एकाच कोनातून घेतलेले तेच ते लाँग शॉट असतात आणि ज्या सेकंदाला खरं काहीतरी घडलं त्या सेकंदाला कॅमेरा लेन्स बदलत होता, हे मला चांगलंच पाठ आहे.

तर मामेभावाने, म्हणजे दादाने, आपल्या कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर फिल्म कर म्हणून मागे लागल्यावर मी पहिली अट हीच घातली की आधी कागदावर काढायचं. दादा आता गूळ ऑनलाइन विकायला लागलाय, त्याला सहा-सात मिनिटांची नीट फिल्म हवी होती, नुसती "शुद्ध, सेंद्रिय, नैसर्गिक" असं ओरडणारी जाहिरात नको होती, हे त्याचं मला फार आवडलं. कॅमेऱ्याला माझा एक मित्र, तो लग्नं आणि नाटकांचे टीझर शूट करतो, हात चांगला आहे पण कागद म्हटला की अंगावर काटा. साउंडला ऑफिसमधला एक ज्युनियर पोरगा. एवढीच टीम.

मित्राचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. फिक्शनमध्ये नटाला सांगता येतं की डावीकडून ये, थांब, बघ. गुऱ्हाळात कुणाला काय सांगणार? पण माझं म्हणणं असं की नेमकं म्हणूनच आधी काढायला पाहिजे, कारण नटाला पुन्हा कर म्हणता येतं, उकळत्या काहिलीला, म्हणजे रसाच्या त्या भल्यामोठ्या कढईला, नाही. एक आधण म्हणजे रस काहिलीत पडल्यापासून तयार गूळ वाफ्यात, म्हणजे उथळ हौदात, ओतेपर्यंत साधारण अडीच-तीन तास. एकदा ओतला की ओतला. त्यावर मित्र म्हणाला अगं पण दिवसात चार-पाच आधणं होतात की, मग रिटेक आहेच. आहे ना, पण तीन तासांनी! आणि तीन तासांनी ऊन कुठे असणार, माणसांच्या अंगावर काय कपडे असणार, हे सगळं बदललेलं. आमची अख्खी प्लॅनिंगची भानगड शेवटी या एका मुद्द्याभोवतीच फिरली, ते पुढे सांगते.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टोरीबोर्ड म्हणजे प्रत्येक शॉटची एक चौकट काढायची, आत साधारण काय दिसणार ते, खाली दोन ओळी, कॅमेरा हलणार असेल तर बाण. संपलं. भिंतीवर चित्रं टाचून गोष्ट बघायची ही पद्धत डिस्नेच्या स्टुडिओत 1930 नंतरच्या वर्षांत नीट बसली असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण आधी चित्र मग कॅमेरा हे कोल्हापूरला काही नवीन नाही. बाबूराव पेंटर मुळात चित्रकार, स्वतःचा कॅमेरा स्वतः बनवणारा माणूस, आणि ते महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या काळात पात्रं, पोशाख, हालचाली यांची आधी रेखाटनं करत. 1920 च्या आसपासची गोष्ट आहे ही. मी हे मित्राला ऐकवलं तर तो म्हणाला, ते पेंटर होते, तू काडीपैलवान काढतेस. खरंय ते. माझी माणसं म्हणजे एक गोल आणि पाच रेघा. पण बोर्डला चित्रकला लागतच नाही, माणूस कुठे आहे, केवढा दिसतोय, कुठे बघतोय एवढं कळलं की झालं. उलट चित्र फार छान झालं की ते फाडून टाकायला जीव होत नाही, आणि बोर्डमधली निम्मी पानं फाडायचीच असतात.

ए-फोर कागदावर मी आठ बाय साडेचार सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या, म्हणजे बरोब्बर 16:9 चं माप येतं, एका पानावर सहा, आणि झेरॉक्सच्या दुकानातून गठ्ठा काढून आणला. स्टोरीबोर्डर म्हणून एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे तेही मी वापरलंय आधी, चांगलं आहे, पण शेतात लॅपटॉप उघडून बसण्यापेक्षा पॅड आणि पेन्सिल सोपं पडतं. चौकटीखाली सुरुवातीला दोनच ओळी ठेवल्या होत्या, चित्रात काय आणि निवेदनात काय. पुढे त्याच्या चार झाल्या.

डिसेंबरच्या शेवटी सुट्टीत गेलो बघायला. रेकी. कॅमेरा मुद्दाम नेला नाही, फक्त फोन. मित्राची चिडचिड झाली पण कॅमेरा हातात असला की माणूस शूट करायला लागतो आणि बघायचं राहून जातं, असं माझं मत आहे. फोनवर मी पंधरा-वीस जागांवरून फोटो काढले, जिथे ट्रायपॉड ठेवता येईल अशाच उंचीवरून, आणि त्यांच्यावरूनच नंतर चौकटी काढल्या, म्हणजे कागदावर काढलेला कोन तिथे मिळतच नाही अशी भानगड नको.

सगळ्यात कामाची गोष्ट मात्र फोटो नव्हते, नकाशा होता. वरून बघितल्यावर गुऱ्हाळ कसं दिसेल ते एका पानावर काढलं. आमच्या गुऱ्हाळात चरक उत्तरेला, तिथून रस पाइपाने टाकीत, टाकीतून मधल्या काहिलीत, आणि काहिलीच्या दक्षिणेला वाफा, म्हणजे तो उथळ चौकोनी हौद जिथे तयार गूळ ओतून घोटतात. पूर्वेला अर्धी भिंत आणि तिच्यावर पत्र्यापर्यंत मोकळं, सकाळचं ऊन तिथून येतं. पश्चिमेला उघडं, तिकडून चिपाड येतं. चिपाड म्हणजे रस काढून वाळवलेला ऊस, तेच जळण. चुलवाणाचं, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीचं, तोंड खाली खड्ड्यात, तिथे एक गडी अखंड चिपाड ढकलत बसलेला असतो.

आता कॅमेरा कुठल्या बाजूला? फिल्ममध्ये एक काल्पनिक रेघ धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, 180 डिग्रीचा नियम म्हणतात त्याला, नाहीतर एका शॉटमध्ये डावीकडे जाणारा माणूस पुढच्या शॉटमध्ये उजवीकडे जायला लागतो. गुऱ्हाळात माणसं काहिलीभोवती गोल फिरतात त्यामुळे माणसांची रेघ धरून काही उपयोग नाही. म्हणून रसाची रेघ धरली, चरक ते वाफा. पश्चिमेला उभं राहून पूर्वेकडे बघितलं की उत्तर डाव्या हाताला आणि दक्षिण उजव्या, म्हणजे रस अख्ख्या फिल्मभर डावीकडून उजवीकडे जाणार, ऊस डावीकडून आत शिरणार आणि गूळ उजवीकडून बाहेर पडणार. शिवाय ऊन समोरून, म्हणजे वाफेच्या मागून प्रकाश. वाफ पुढून उजळली तर सपाट पांढरा पडदा दिसतो, मागून उजळली तरच तिचे लोट दिसतात. दोन्ही हिशोब एकाच बाजूला जुळले म्हणून मी खूश, तेवढ्यात गुळव्याकाका म्हणाले, "हितं उभारू नगासा ताई, हितनं चिपाड येतंय."

गुळव्या म्हणजे गुऱ्हाळातला मुख्य माणूस, रस कधी उतरवायचा हे तोच ठरवतो, आणि तिथे त्याचा शब्द मालकाच्या वर असतो. दादासुद्धा त्यांना विचारून बोलतो. मग त्यांच्याच बरोबर उभं राहून ठरवलं, की चिपाडाची वाट सोडून दोन जागा, एक वायव्येच्या खांबाला टेकून आणि एक नैऋत्येला रिकाम्या साच्यांच्या ढिगापाशी. दोन्ही त्याच बाजूला, रेघ तुटत नाही. नकाशावर त्यांना "अ" आणि "ब" नाव दिलं आणि प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात अ किंवा ब लिहायला सुरुवात केली. ही तिसरी ओळ.

घरी येऊन बोर्डचा पहिला खर्डा काढला. खर्डा म्हणजे अगदी पोस्टइट चिकटवून, कपाटाच्या दारावर. ऊसतोड, ट्रॅक्टर, चरक, रस, रस साफ व्हायला भेंडीचा चीक घालणं, मळी म्हणजे वर आलेला गाळ काढणं, उकळी, गोळी बघणं, काहील कलती करून ओतणं, घोटणं, साचे, ढेप, मार्केट यार्डातले सौदे, शेवटी डबा आणि चपाती. शिवाय दादाची मागणी होती की शाहू महाराजांनी 1895 मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी पेठ वसवली ते यायला पाहिजे, आणि 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं तेही.

मग अ‍ॅनिमॅटिक. नाव मोठं आहे, काम साधं. चौकटींचे फोटो काढायचे, एडिटिंगच्या टाइमलाइनवर लावायचे (मी रिझॉल्व्ह वापरते), फोनवर स्वतःच्या आवाजात कच्चं निवेदन रेकॉर्ड करून खाली टाकायचं आणि फिल्म असल्यासारखं बघायचं. मराठी निवेदन आरामात वाचलं तर मिनिटाला एकशेवीस-तीस शब्दांच्या वर जात नाही, त्याहून जास्त कोंबलं की क्रिकेटची कॉमेंट्री होते. लावून बघितलं तर सव्वानऊ मिनिटं, आणि काहील तापायलाच साडेतीन मिनिटं लागत होती. कागदावर ते अजिबात कळलं नव्हतं कारण कागदावर सगळ्या चौकटी सारख्याच मापाच्या दिसतात, दोन सेकंदांची पण आणि वीस सेकंदांची पण.

कापायला बसलो. ऊसतोड गेली, कारण ती दाखवायची तर तोडकऱ्यांबद्दल नीट बोलायला पाहिजे, पहाटे फडात जाणारी बाई तीन सेकंद दाखवून पुढे पळायचं हे मला बरं वाटेना, ती वेगळी फिल्म आहे. सौदे गेले. मानांकन निवेदनातल्या एका वाक्यात बसलं. शाहूपुरीवर दादा अडून बसला, मग तिथल्या जुन्या गुळाच्या दुकानाच्या लाकडी दाराची एक चौकट ठेवली, चार सेकंद, त्यावर एक ओळ. ड्रोनची एक चौकट मित्राने हळूच काढून चिकटवली होती, ती मी हळूच काढून टाकली. आत पत्रा आहे, ड्रोन जाणार कुठून, आणि बाहेरचं धुराडं मामाच्या गच्चीवरूनही छान दिसतं.

हे सगळं झाल्यावर मी एक गोष्ट केली जी सगळ्या प्रोजेक्टमध्ये करावी असं आता मला वाटतं, बोर्ड ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांना दाखवला. जानेवारीत एका रविवारी परत गेले, दुपारी काम थांबल्यावर काकांसमोर पानं पसरली. त्यांना वाटलं मी काहीतरी सही घ्यायला आलेय! मग काडीपैलवान बघून हसले, आणि एकेक चौकट बोट ठेवून बघायला लागले. गोळीच्या चौकटीवर थांबले. गोळी म्हणजे पाक तयार झाला का बघायची परीक्षा, उकळत्या पाकातलं थोडं पाण्याच्या वाटीत टाकायचं, बोटांनी गोळी वळायची आणि आपटून बघायची, टण्ण वाजली की झालं. मी काकांना उजव्या हाताने गोळी वळताना काढलं होतं आणि वाटी उजवीकडे.

"मी डावखुरा हाय की वो."

आता हे ऐकायला चिल्लर वाटेल, पण वाटी डावीकडे म्हटल्यावर "अ" जागेवरून त्यांची पाठच दिसणार होती आणि फिल्ममधला सगळ्यात महत्त्वाचा क्लोजअप त्यांच्या बनियनचा आला असता. तो शॉट "ब"ला गेला. पेन्सिलने खोडलं, हलवलं, फुकटात काम झालं.

दुसरी गोष्ट त्यांनी विचारली ती जास्त मोठी होती. "ह्यात उकळी बदलल्याली कुठं हाय?" माझ्या बोर्डात मळी काढली की थेट गोळी. मध्ये एक "काहील उकळते" अशी चौकट होती, बस. त्यांनी समजावलं की आधी फेस येतो, उकळी वर चढते, उतू जाईल म्हणून त्यावर चमचाभर शेंगतेल मारतात, मग फेस बसतो, मग बुडबुडे मोठे येतात, आणि पाक घट्ट व्हायला लागला की बुडबुडा उठायला वेळ लागतो, फुटायला वेळ लागतो, आवाज जड होतो. हे आवाज त्यांनी तोंडाने काढून दाखवले, आणि ज्युनियर पोरगा तेवढ्यात उठून रेकॉर्डर आणायला पळाला. तिथे चौकटीखाली चौथी ओळ आली, आवाज. एकाच मापाच्या तीन चौकटी, तिन्हीत नुसते बुडबुडे, चित्रात फरक फारसा नाही पण खालच्या ओळीत फसफस, खदखद, आणि तिसरीला मी लिहिलं "भप्... भप्...". निवेदनाला तिथे पूर्ण सुट्टी दिली.

आवाजाचा आणखी एक घोळ होता. चरक चालू असताना शेडमध्ये शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून प्रत्येक चौकटीवर "चरक चालू" किंवा "चरक बंद" लिहिलं आणि बुडबुड्यांच्या तिन्ही चौकटी, काकांचं बोलणं, गोळीचा टण्ण, हे सगळं बंदच्या वेळात टाकलं. दादाने सांगितलं की पुढच्या आधणाचा रस टाकीत साठला की चरक तसाही थोडा वेळ थांबतो, तेव्हा घ्या. चित्र वेगळ्या वेळी, आवाज वेगळ्या वेळी.

आता तो तीन तासांचा रिटेक. पहिलं आधण पहाटे तीनला लागतं, ते सहाच्या सुमारास उतरतं, जानेवारीच्या शेवटी कोल्हापुरात सूर्य उगवतो सातला. म्हणजे पहिलं आधण पूर्ण अंधारात, एक पिवळा बल्ब आणि चुलवाणाचा जाळ. दुसरं सहाला लागून नवाच्या आत उतरतं, तेव्हा पूर्वेच्या फटीतून ऊन तिरपं आत आलेलं असतं. तिसरं भर दिवसा. फिल्ममध्ये दिसणार मात्र एकच आधण. मी ठरवलं की अंधारात सुरू होऊन उजेडात ओतलं जाणारं आधण दाखवायचं, म्हणजे सुरुवातीचा भाग पहिल्याचा, शेवट दुसऱ्याचा, आणि क्लोजअप तिसऱ्याचे.

मित्र म्हणाला क्लोजअप सगळे तिसऱ्यात घेऊ, निवांत. ऐकायला बरोबर वाटत होतं. मग मी सहज म्हणून 6बी पेन्सिल घेतली आणि ज्या चौकटी फिल्ममध्ये अंधाराच्या आहेत त्यांची पार्श्वभूमी काळी करत गेले, आणि सगळी पानं फरशीवर ओळीने मांडली. काळं, काळं, काळं, मग एकदम मध्येच एक पांढरी चौकट, मळी काढणारे हात, मग परत काळं. मळी तर पहिल्या तासात निघते! तिचा क्लोजअप तिसऱ्या आधणात दिवसाउजेडी घेतला तर अंधारात मध्येच दिवस उगवणार. म्हणजे रस, भेंडी आणि मळी यांचे क्लोजअप पहाटेच, आणि तेल, गोळी, घोटणं यांचे तिसऱ्यात. पेन्सिलने काळं करायला अर्धा तास लागला असेल, शिसं सगळं हाताला, पण शूटचं वेळापत्रक तिथेच फरशीवर तयार झालं. पानं आधणाप्रमाणे तीन गठ्ठ्यांत लावली. ज्या चौकटीला त्या उन्हातच घ्यायचं, नंतर मिळणार नाही, तिला लाल टिकली लावली. लाल टिकल्या चारच निघाल्या, आणि मित्राचा चेहरा तिथे पहिल्यांदा जरा सैल झाला.

कपड्यांचंही त्यातच निघालं. पहाटे थंडीत काका स्वेटर आणि मफलर घालून येतात, तासाभरात स्वेटर निघतो, दिवस वर आला की नुसती बनियन. मी विनंती केली की मफलर ठेवाल का शेवटपर्यंत, तर म्हणाले जाळापाशी तुम्ही ठेवून बघा. मुद्दा रास्त होता. मग बोर्डवर मफलरवाल्या चौकटी अंधाराच्या आणि बिनमफलरच्या उजेडाच्या अशी वाटणी केली, आणि मफलर काढतानाचा एक शॉट मुद्दाम पकडायचा ठरवलं, म्हणजे बघणाऱ्याला ते कपड्याचं बदलणं गोष्टीतलंच वाटेल.

शूटच्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं खरं तर कमी आहे, कारण भांडणं सगळी कागदावर झाली होती. अडीचला पोचलो, कॅमेरा आणि लेन्सा बॅगेतच ठेवून बॅग शेडमध्ये तशीच बंद ठेवली, कारण बाहेरच्या थंडीतली लेन्स एकदम त्या वाफेत उघडली की धुकं धरतं, आणि मग पुसत बसा. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर लावलेला, वाफेबरोबर गोडसर चिकट थर बसतो तो ओल्या फडक्याने पुसायचा आणि पुढे. मामीने पहाटे चारला चहा आणला, गुळाचाच. गठ्ठा पहिला संपला की मी पानं उलटी करून ठेवत होते, आणि मित्र दर वेळी विचारायचा पुढे काय, अ का ब? मध्यंतरी तो स्वतःच पानं चाळायला लागला हे मी बघितलं पण काही बोलले नाही :)

गोळीच्या वेळी बोर्डचा उपयोग सगळ्यात जास्त झाला. काका आता गोळी बघतो असं सांगत वगैरे नाहीत, ते बोलता बोलता वाटीकडे हात नेतात आणि सात-आठ सेकंदांत सगळं उरकतं. मित्र "ब"ला, फोकस वाटीच्या काठावर आधीच लावून बसलेला, डावा हात आत आला, पाकाचा थेंब पाण्यात पडून पिवळाधमक झाला, अंगठा आणि दोन बोटांत वळला, काहिलीच्या काठावर आपटला. टण्ण. वाटीतलं पाणी थरथरतानासुद्धा आलंय त्यात. चरक चालू होता त्यामुळे तो आवाज वापरता आला नाही, तो नंतर बंदच्या वेळात काकांनी परत दोनदा आपटून दिला, न कंटाळता.

ओतण्याचा शॉट मात्र कागदाप्रमाणे आला नाही. लाल टिकली होती त्याला. साखळीच्या कप्पीने काहील एका बाजूने उचलतात आणि पाक वाफ्यात सोडतात, मी कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवायचा, म्हणजे पॅन, काढला होता, मोठा बाण, झोकात. प्रत्यक्षात काहील कलली आणि एवढी वाफ उठली की फ्रेम पूर्ण पांढरी, काहील नाही, माणसं नाही, काही नाही, मित्र ओरडतोय दिसत नाहीये, मी ओरडतेय हलू नको, हलू नको. मग त्या पांढऱ्यातून आधी उन्हाचा पट्टा दिसला, मग पाकाची जाड तांबूस धार. पॅन केलाच नाही त्याने. एडिटमध्ये तो शॉट पूर्ण लांबीचा ठेवलाय, एकही कट नाही. म्हणजे माझ्या बोर्डातल्या सगळ्यात कष्टाने काढलेल्या चौकटीचा उपयोग एवढाच झाला की कॅमेरा योग्य जागी होता आणि ऊन समोर होतं. त्याला मी कमी म्हणत नाही.

एडिट नेहमीच्या मानाने भराभर झालं. क्रम आधीच होता, अ‍ॅनिमॅटिकच्या टाइमलाइनवर एकेका चित्राच्या जागी खरा शॉट टाकत गेले. बुडबुड्यांचा भाग अ‍ॅनिमॅटिकमध्ये बावीस सेकंद होता, प्रत्यक्षात चाळीसपर्यंत गेला कारण आवाज इतका छान आला होता की कापवेना. त्याची भरपाई म्हणून चपातीचा शेवट काढून टाकला, मामी नाराज झाली, तिने त्या दिवशी नवी साडी नेसली होती. शाहूपुरीच्या दाराचे चार सेकंद राहिले, दादा खूश. एकूण सहा मिनिटं पन्नास सेकंद.

काकांनी फिल्म दादाच्या फोनवर बघितली, दोनदा, दुसऱ्यांदा फोन कानाला लावून. मग म्हणाले तिसऱ्या उकळीनंतर जरा लवकर कापलंसा. चाळीस सेकंद ठेवूनसुद्धा!

आता दादाला त्याच फुटेजमधून रील्स हव्यात, उभ्या, 9:16. बघितलं करून. रस डावीकडून उजवीकडे जातो हा सगळा हिशोब उभ्या फ्रेममध्ये मावतच नाही, चरक ठेवावा तर काहील जाते, काहील ठेवावी तर वाफा. उभ्यात खालून वर जाणारं काहीतरी पाहिजे, जाळ, काहील, वाफ, पत्रा. त्यासाठी "अ" आणि "ब" दोन्ही जागा बिनकामाच्या, बहुतेक चुलवाणाच्या खड्ड्याच्या कडेला जमिनीलगत बसावं लागेल, जर तिथल्या गड्याने बसू दिलं तर. हंगाम मार्चपर्यंत आहे. झेरॉक्सवाल्याकडून या वेळी साडेचार बाय आठच्या उभ्या चौकटींचा गठ्ठा आणलाय.